लाल हापसा

९ फेब्रुवारी, भुईमाळ

इस्लापूरहून येणारी जीप फाट्यावर सोडते, तिथून पुढे पायी. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात पाणी तपासायच्या बाटल्यांची पेटी. वाटेत एका माणसानं पेटी धरायला हात पुढे केला, पण मी दिली नाही. संस्थेनं माझ्यावर सोपवलेली ही पहिली वस्तू आहे.

भुईमाळ म्हणजे ओढ्याच्या अलीकडे ही वस्ती आणि पलीकडे मोठं गाव. खोली वस्तीत मिळाली. नांदेडला संस्थेच्या सरांनी सांगितलंच होतं, हापसा वस्तीत आहे, तर राहायचंही तिथेच. घरमालकीण धुरपताबाई कमरेत इतक्या वाकल्या आहेत की माझ्याशी बोलताना त्यांना मान वर करावी लागते. घरात मुलगा किशन आणि सून राजकन्या. राजकन्या गरोदर आहे, माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी लहान असेल.

दारात पाऊल ठेवलं तोच धुरपताबाईंनी तांब्या आणला. मी बाटली दाखवून म्हणाले, ‘माझ्याजवळ आहे, मावशी.’ त्या तांब्या धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पाणी सदाफुलीच्या मुळाशी ओतलं. मला बरं वाटलं. ज्या पाण्याला मी वाईट म्हणायला आले, तेच पहिल्या दिवशी प्यायले असते तर पुढे माझं कोण ऐकणार?

मग त्यांनी विचारलं, ‘कुण्याचे तुमी?’

‘माणसाचे,’ मी म्हणाले. राजकन्या तोंडाला पदर लावून हसली. कुणालाही जात विचारायची नाही, असं मी लातूरला कॉलेजात असतानाच ठरवलंय. इथेही तेच. धुरपताबाई मात्र माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बघत होत्या. तीत आईनं निघताना इष्टलिंग बांधून दिलंय. काढलं तर ती जेवायची नाही.

बाबा आज निलंग्याच्या अडतीत पोती उचलताना सगळ्यांना सांगत असतील, पोरगी सायबीण झाली म्हणून. मी साहेबीण नाही. पण काहीतरी करून दाखवीन.

१२ फेब्रुवारी

हापसा माझ्या खोलीच्या समोरच आहे. पहाटे त्याच्या दांड्याचा कर्रकर्र आवाज सुरू होतो, तेव्हा जाग येते. मग दिवसभर बघत बसते. सडा टाकायला पाणी. शेण कालवायला पाणी. म्हशीला, कोंबड्यांना, भाकरीच्या पिठाला. पोरांना हापशाखालीच बसवून अंघोळ, एक पोरगं दांडा मारणार, दुसरं खाली कुडकुडणार. एक म्हातारा रोज सकाळी येतो आणि पाण्यात नुसते पाय धरून बसतो. कुणी त्याला ऊठ म्हणत नाही. दुपारी बायका भांडी घेऊन येतात आणि भांडी घासून झाल्यावरही जात नाहीत. कुणाची सून, कुणाचा दवाखाना, कुणाचा फोन, सगळं तिथेच.

मी गेले की बोलणं थांबतं. नवीन आहे म्हणून असेल.

१५ फेब्रुवारी

तपासणी झाली. फ्लोराइड हवं त्यापेक्षा खूप जास्त. ओढ्यापलीकडच्या विहिरीचं पाणी मात्र चांगलं निघालं.

आकडा बघून वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला उत्साहच आला. सगळ्याचा अर्थ लागला. पोरांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे, धुरपताबाईंचं वाकणं, तो पाय भिजवणारा म्हातारा. किशन हसताना तोंडावर हात धरतो, मला वाटायचं लाजाळू आहे.

संध्याकाळी राजकन्येला सगळं समजावलं. ती बिलोलीकडची, दहावी झालेली. तिचे दात पांढरेशुभ्र आहेत. तिनं पोटावर हात ठेवला. ‘म्हंजे ह्याचे दात यांच्यावाणी होतील का माझ्यावाणी?’

‘हे पाणी प्यायलं तर यांच्यासारखे.’

‘आन उकळून?’

‘उकळून जात नाही ते.’

मग म्हणाली, ‘ताई, लगीन ठरलं तवा ह्यांचा फोटू आलता ना, त्यात तोंड बंद होतं.’ आम्ही दोघी हसलो. इथे आल्यापासून कुणाबरोबर तरी हसले, आज पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी

आज हापसा लाल रंगवला. सरांनी सांगितलेली पद्धत हीच: पिण्याला अयोग्य पाणी म्हणजे लाल रंग. हापसे दुरुस्त करणारा फारूक इस्लापूरहून रंगाचा डबा घेऊन आला होता. त्यानं दांडा रंगवला, मी खांब. वस्ती लांबून बघत होती.

‘म्याडम, हळूहळू लावा. शेंदूर समजून देव करून टाकतील त्याचा,’ फारूक म्हणाला.

धुरपताबाई काठी टेकत आल्या. ‘ह्यो हापसा आला तवा मी नवी नवरी होते. सासरा तहसीलपुढं बसलता ह्याच्यासाठी. उन्हात. परत आला तर जीभ सुजलेली. आन तू येऊन त्याला रगत लावून राहिली.’

‘मावशी, हे पाणी तुमची कंबर मोडतंय.’

‘कंबर कामानं मोडली. ह्याच्या पाण्यात डाळ कशी शिजती बघ. लोण्यावाणी. त्या हिरीच्या पाण्यात शिजव डाळ, दाताखाली खडे येतील.’

हे खरं आहे. अशा पाण्यात डाळ लवकर शिजते. मी तेही त्यांना समजावलं, का शिजते ते. त्या निघून गेल्या होत्या, फारूक तेवढा ऐकत होता.

२४ फेब्रुवारी

आईचा फोन. जेवलीस का, झोप येते का, साप निघतात का. मग आवाज बारीक करून: ‘तिथं कुणाच्या घरचं पाणी पितीस की काय गं यव्वा?’

‘नाही. इस्लापूरहून जार येतो, तेच पिते. चहासुद्धा बाहेर घेत नाही.’

‘बरं करतीस,’ ती म्हणाली. आईला फ्लोराइड कळलं, म्हणजे मला समजावता येतं. मग इथे का येत नाही?

२ मार्च

घरोघरी जाऊन आले. पहिल्या आठवड्यात प्रत्येक दारात तांब्या पुढे यायचा आणि मला प्रत्येक दारात नको म्हणावं लागायचं. आता कुणी पाणी विचारतच नाही. माझं म्हणणं हळूहळू पोचतंय, याची ही खूण मानायला हरकत नाही.

ऊन वाढलंय. बाटली दुपारीच संपते.

३ मार्च

राजकन्या आज विचारत होती, ‘ताई, भाकर तरी खाल का? गरम हाय.’

‘पीठ कोणत्या पाण्यात मळलंय?’

ती भाकरीकडे बघत राहिली. ‘असं केलं तर तुमी उपाशी मराल,’ म्हणाली आणि हसली, पण नेहमीसारखं नाही.

९ मार्च

लोक अजून लाल हापशाचंच पितात. विहीर ओढा ओलांडला की लगेच आहे. पाणी गोड नाही, पण निर्धोक आहे. तरी वस्तीतली एकही बाई तिकडे जात नाही. मी किशनला विचारलं.

‘न्हाई जात,’ तो म्हणाला.

‘पण का?’

‘सवय न्हाई.’

‘सवय लावायची असते, भाऊ.’

त्यानं तोंडावर हात धरला. हसत होता की काय, कळलं नाही. ‘तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा काऊन जात न्हाईत.’

मला वाटतं आळस आहे. हे लिहिताना वाईट वाटतं, पण रोजनिशीत खोटं कशाला लिहायचं.

मी स्वतः जाऊन आले. विहिरीला लागूनच व्यंकटरावांचं घर. पूर्वी सरपंच होते, आता थोरले म्हणून मान आहे. शांत, सभ्य माणूस. ‘विहीर सार्वजनिक हाय. कोनीबी यावं. आमी कुटं अडवलं?’ असं स्वतःहून म्हणाले. मी हेच जाऊन वस्तीत सांगितलं.

१४ मार्च

राजकन्या माझ्या जारमधलं पाणी पिते. रोज एक तांब्या, गुपचूप, मी आग्रह केला म्हणून. आज धुरपताबाईंनी बघितलं. मला काही बोलल्या नाहीत. राजकन्येला म्हणाल्या, ‘पी. त्यांचं आपल्याला चालतंय. आपलं त्यांना चालत न्हाई.’

मी म्हणाले, ‘हापशाचं कुणालाच चालत नाही, मावशी. तुम्हालासुद्धा नको.’

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशीसारखं. मग चुलीकडे गेल्या.

२१ मार्च

सरांशी गेल्या आठवड्यात बोलले. लाल रंगानं भागत नाही, दांडाच काढावा लागेल, असं मीच सुचवलं. त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव मागवला. व्यंकटरावांनी लगेच मिळवून दिला. सर म्हणाले, ‘अयोध्या, तुझ्यात धडाडी आहे.’

आज फारूक आला आणि दांडा काढून घेतला. बायका गोळा झाल्या होत्या. एक फारूकला म्हणाली, ‘ह्या हातानं दुरुस्त केला, त्याच हातानं काढतो व्हय रं?’

‘अम्मा, मैं क्या करूं, ऑर्डर आहे,’ तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. दांडा फटफटीला बांधून निघून गेला.

मी सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं की हे तुमच्या लेकरांसाठी आहे. पाय भिजवणारा म्हातारा हापशाच्या ओट्यावर येऊन बसला होता. ओटा कोरडा होता, तरी बसला होता.

२२ मार्च

पहाटे जाग आली ती कशानं, कळेना. मग लक्षात आलं, आवाज नव्हता.

२३ मार्च

चांगला दिवस. वस्तीतल्या बायका आज विहिरीवर गेल्या. मी लांबून बघितलं. घागरी खाली मांडून त्या कडेला बसून राहिल्या होत्या. मग व्यंकटरावांच्या घरच्या सरजाबाई आल्या, त्यांनी आपल्या दोरानं पाणी ओढलं आणि एकेकीच्या घागरीत वरून ओतून दिलं. एकीलाही ओढायचे कष्ट पडू दिले नाहीत. राजकन्येला तर हाताला धार देऊन पाजलंही. डोळे भरून आले. दोन पाणवठे एक व्हायला एवढाच वेळ लागतो.

सरांना फोटो पाठवला.

२७ मार्च

फक्त दोघी गेल्या विहिरीवर.

३० मार्च

कुणीच नाही. ओढ्याच्या वाळूत झिरा खणलाय. वाटी-वाटीनं गढूळ पाणी वर काढतात, फडक्यातून गाळतात, घागर भरायला सकाळ जाते. वरच्या अंगाला म्हशी बसतात. इतकं स्वच्छ पाणी सोडून हे.

मला राग आवरला नाही. झिऱ्यावर जाऊन बोलले. लेकरांना हगवण लागेल, सरजाबाई तिथे तुमच्यासाठी ताटकळत असतात, तुम्हाला आयतं ओढून मिळतं तेही नको.

धुरपताबाई वाळूत बसून वाटीनं पाणी भरत होत्या. ‘तू जा की,’ म्हणाल्या. ‘तुला कोन अडवतंय?’

बाकीच्या हसल्या. काय हसण्यासारखं होतं?

६ एप्रिल

तीन घरांतल्या पोरांना हगवण. इस्लापूरच्या दवाखान्यात नेलं. मी औषधाच्या पुड्या वाटायला गेले तर दारं नुसती लोटलेली. आत माणसं होती. मी दाराशी उभी राहून हाक मारली आणि पुड्या उंबऱ्यावर ठेवून आले.

११ एप्रिल

आज दिवसभरात कुणाशी बोलले? जारवाल्याशी. तो म्हणाला, ‘रिकामा द्या.’ मी म्हणाले, ‘घ्या.’

संध्याकाळी उगाच केस धुतले. पाणी डोक्यावरून घेताना कुणीतरी आपल्याला धरलंय असं वाटतं. शेवटचा मग संपेपर्यंत.

१९ एप्रिल

राजकन्येला मुलगा झाला. किनवटला, नीट. किशननं मला सांगितलं नाही. शेजारच्या पोरी बोलताना ऐकलं.

२३ एप्रिल

राजकन्या घरी आली. मी गेले. धुरपताबाई बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालत होत्या. वाकलेल्या कमरेला तसं बसण्यात काहीच त्रास होत नसावा. डाव्या हातानं बाळाच्या कपाळाशी आडोसा धरून उजव्या हातानं धार सोडत होत्या, बाळाच्या नाकात एक थेंब जात नव्हता. झिऱ्याचं पाणी, तीनदा गाळून, उकळून, निववून. मला बसा म्हणाल्या नाहीत, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. मी कोपऱ्यात उभी राहून सगळी अंघोळ बघितली.

राजकन्या हळूच म्हणाली, ‘ताई, वरचं पाणी सुरू करायच्या आत काहीतरी करा. माझ्या लेकराला झिऱ्याचं न्हाई पाजायचं. आन लाल हापशाचंबी न्हाई.’

तिला अजून माझ्यावर विश्वास आहे.

२९ एप्रिल

परवा राजकन्येचं पाणी पुजणं. बाळंतीण पहिल्यांदा पाणवठ्यावर जाते, हळदकुंकू वाहते, पाच खडे मांडते, घुगऱ्या ठेवते आणि भरलेली कळशी घेऊन घरी येते. त्याशिवाय तिनं घरच्या पाण्याला हात लावायचा नाही. आमच्याकडेही आहे. या घरातल्या सुनांचं आजवर हापशावरच झालं. आता हापसा मुका. झिऱ्यावर करायचं तर रात्रीतून म्हशी खळगाच तुडवून टाकतात.

मी म्हणाले, विहिरीवर करू. मी सोबत येते.

किशन नको म्हणाला. धुरपताबाई घुगऱ्यांचे हरभरे निवडत राहिल्या. राजकन्या म्हणाली, ‘ताई येताहेत ना. मग जाऊ.’

१ मे

कसं लिहू, कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

उन्हं चढायच्या आत निघालो. राजकन्येनं हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात ताट. धुरपताबाईंकडे बाळ. मागे वस्तीतल्या चार बायका. मी सगळ्यांच्या पुढे, जणू वरात माझीच.

विहिरीच्या कठड्यापाशी सरजाबाई उभ्या होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, ‘या. तिकडं करा, सावली हाय.’ त्यांनी जनावरांच्या डोणीकडे हात केला. म्हशी जिथे पाणी पितात ती दगडी डोण. मी म्हणणार होते की पूजा विहिरीची आहे. तोवर राजकन्या डोणीकडे वळली होती. मान खाली घालून, जणू तिला आधीपासून माहीत होतं. तिनं शेणानं भरलेल्या कडेला बोटानं जागा पुसली आणि खडे मांडले.

व्यंकटराव ओसरीवरून म्हणाले, ‘म्याडम, तुमी उन्हात काऊन? वर या.’ खुर्ची टाकली. सरजाबाईंनी पितळी तांब्याभांडं आणलं. मी तहानलेली होते. विहिरीचं पाणी मीच तपासलं होतं, निर्धोक. मी भांडं घेतलं आणि प्यायले. गार होतं. दुसरं भांडंही घेतलं. व्यंकटराव माझ्या गळ्यातल्या डबीकडे बघून म्हणाले, ‘तुमी आपल्यातल्याच. तिथं राहून हाल होत असतील. खान्यापिन्याचे.’

भांडं ओठाला असताना मला राजकन्या दिसली. डोणीपाशी बसली होती. हातात घुगऱ्या. ती माझ्याकडे बघत होती.

मी खाली आले. तोवर सरजाबाईंनी तिची कळशी वरून भरली होती. आम्ही परतलो. घराच्या दारात धुरपताबाई थांबल्या. मान वर केली नाही. जमिनीकडे बघतच म्हणाल्या, ‘तिथलं बरं गेलं घशाखाली.’

२ मे

मी त्यांना सांगायला गेले. फ्लोराइडमुळे मावशी, मी शपथ घेऊन सांगते, फ्लोराइडमुळे. पाणी तुमचं म्हणून नव्हे.

‘हाव,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं खरं आसंल. मला काय ठावं, तुझ्या बाटलीत काय दिसतंय. मला इतकंच ठावं, की माझ्या सासऱ्यानं त्या हिरीवर जल्मभर वंजळीनं पाणी पिलं, वरून कोनी घातलं तर. मग हापसा आला. मग वरून पाणी घालून घ्यायला कोनाच्या दारी जायाचं काम न्हाई राहिलं. आन तू आलीस.’

मला तेवीस मार्च आठवला. तो फोटो सरांनी संस्थेच्या भिंतीवर लावलाय.

आईचं ‘बरं करतीस’ आठवलं. तिनं फ्लोराइड हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

मी कुणाला जात विचारली नाही, हा मला अभिमान होता. विचारायची गरज कुणाला नसते, ते आता कळतंय.

५ मे

सरांना फोन केला. दांडा परत बसवू का? सर म्हणाले, ‘मग पोरांच्या दातांचं काय?’ त्यांचंही बरोबर आहे. ‘विहीर सार्वजनिक आहे, तिथे काय अडचण?’ मी सांगू लागले. ते म्हणाले, ‘हा सामाजिक प्रश्न झाला. आपला विषय पाणी आहे.’

१० मे

जार बंद केला. झिऱ्यावर जाते. वाटीनं भरते. शेजारी कुणी बसत नाही, कुणी उठतही नाही. हाताला वाळू लागते, पाणी हळूहळू वर येतं, तेवढा वेळ माणसानं काय करायचं? बाकीच्या बोलतात. मी वाटीत बघते.

१३ मे

पोट बिघडलं. पडून आहे.

१४ मे

राजकन्या दाराशी आली होती. आत आली नाही. ‘साखर-मिठाचं पाणी करून प्या,’ म्हणाली. पाणी तिनं आणलं नाही. मी मागितलंही नाही. ती गेल्यावर खूप वेळ रडले. आजारपणानं असेल.

२० मे

आज राजकन्या येऊन खोलीत बसली. बाळ मांडीवर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘मला तुमचा राग आला होता. अजून हाय थोडा.’

‘असू दे.’

‘तुमी त्या दिवशी भांडं घेतलं, त्याचा न्हाई. मी डोणीकडं गेले ना, कोनी न सांगता, त्याचा. आन तो तुमच्यावर काढला.’ तिनं बाळाच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या. ‘दात यायला वेळ हाय. पर पाणी तर आधी लागंल. ताई, इस्लापूरला चांगला दोर मिळतो का?’

‘मिळतो. मी आणते.’

‘तुमी न्हाई. हे आणतील.’

२४ मे

किशननं दोर आणलाय. नवा, पिवळा, नायलॉनचा. घरात सकाळपासून वाद. धुरपताबाई म्हणतात, उद्या गिरणीवाला दळण देणार नाही, किराणावाला उधार देणार नाही, किशनला व्यंकटरावांच्या शेतावरचं काम आहे ते जाईल. एकही गोष्ट खोटी नाही. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला कुणी विचारलं नाही आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही.

संध्याकाळी धुरपताबाईंचा आवाज आला, ‘आसं आसंल तर मीबी येते. माझ्या माघारी कोनी म्हनू नये, म्हातारी भ्याली.’

२५ मे

आज गेलो. राजकन्या, धुरपताबाई, शेजारच्या दोघी आणि मी. पुरुषांना राजकन्येनं येऊ दिलं नाही. ‘तुमी आलात की मारामारी व्हईल. बायकांचं पाणी हाय.’

विहिरीवर सरजाबाई आणि गावातल्या तिघी-चौघी होत्या. राजकन्या थेट कठड्यापाशी गेली. कमरेला गुंडाळलेला दोर सोडून बादलीला बांधला. मी तिच्याबरोबर पुढे झाले, मला वाटलं आधी मी ओढावं, मग दोर तिच्या हाती द्यावा. मनात तसं ठरवूनच आले होते. तिनं बाळ माझ्याकडे दिलं. ‘ताई, तुमी ह्याला धरा.’

सरजाबाई लगबगीनं पुढे आल्या. ‘दे गं बाई, मी घालते. तू वली बाळंतीण.’

‘नको मावशी. मला येतंय.’

बादली खाली गेली. पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. राजकन्येनं एक पाय कठड्याला लावला आणि दोर ओढायला लागली. कुणी तिला हात लावला नाही. कुणी शिवीही दिली नाही. दोरातून निथळणारं पाणी खाली पडताना ऐकू येत होतं.

व्यंकटराव ओसरीवर आले. ते राजकन्येशी बोललेच नाहीत. मला म्हणाले, ‘म्याडम, तुमी तरी समजून सांगायचं यांना. गावात शांतता हाय.’

माझ्याजवळ भाषण होतं. रात्रभर तयार केलेलं. बाळानं माझ्या गळ्यातला डबीचा दोरा मुठीत धरला होता आणि ओढत होतं.

‘माझ्या हातात बाळ आहे,’ मी म्हणाले.

राजकन्येनं पहिली बादली कळशीत ओतली. मग दुसरी. सरजाबाईंच्या दोन घागरी कठड्यावर भरून ठेवलेल्या होत्या. त्यांनी एकेक उचलली, सगळ्यांच्या देखत पायरीवर उपडी केली आणि रिकाम्या घेऊन घरात गेल्या. बाकीच्याही त्यांच्या मागे गेल्या. विहिरीवर आम्हीच उरलो. राजकन्येनं सगळ्यांच्या घागरी भरल्या, शेवटी धुरपताबाईंची छोटी कळशीसुद्धा.

उद्या काय होईल, माहीत नाही. किशनचं काम बहुतेक जाईल. सर रागावतील, व्यंकटरावांचा फोन त्यांना गेलाच असेल. आईला काय सांगू, तेही ठरवलेलं नाही.

निघालो तेव्हा सरजाबाईंनी ओतलेलं पाणी पायऱ्यांवरून वाटेवर आलं होतं, काळी माती मऊ झाली होती. धुरपताबाई सगळ्यांच्या पुढे, कळशी काखेत, वाकून चालत होत्या. मी शेवटी. त्यांनी मागे बघितलं नाही, चालही कमी केली नाही.

‘बघून पाय टाक,’ म्हणाल्या. ‘निसरडं झालंय. लेकरू हाय तुझ्या हातात.’